अकरा मिनिटांचा सूर

अकरा मिनिटं एकच सूर धरायचा होता. चौथ्या मिनिटाला बाईंनी त्यात चाल घातली.

मुद्दाम नव्हे. काचेपलीकडच्या छोट्या खोलीत गाणारी श्वास घ्यायला थांबली आणि बाईंचा हात आपोआप वळला. गाणारीने सोडलेली जागा व्हायोलिनने भरायची, ही त्या हाताची चाळीस वर्षांची सवय. सात-आठ सुरांचा एक वळसा घेऊन गज मुकाट्याने पुन्हा त्या एका सुरावर आला. शेजारचे सात वादक आपापला सूर धरून होते. एकाची फक्त भुवई वर गेली.

रेकॉर्डिंग थांबलं.

"चुकलं," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून घेऊ."

"चुकलं?" गाणारीचा भाऊ यंत्रांच्या खोलीतून धावतच आत आला. अल्बमचं रेकॉर्डिंग तोच करत होता. "बाई, पाया पडतो तुमच्या. दोन वर्षांत या अल्बमवर झालेलं हे पहिलं काम!"

मागे बसलेला चेलोवाला तो वळसा तोंडातल्या तोंडात गुणगुणत होता. सकाळपासून त्याची तक्रार चालू होती. "गाणं कुठून सुरू होतं ते कळलं तर मला उठवा," असं तो दोनदा म्हणाला होता. अल्बममध्ये गाणी नऊ होती. एक लिफ्टच्या रिकाम्या खड्ड्यात उतरून रेकॉर्ड केलेलं, एकात नुसते उसासे. कव्हरचा फोटो दारावर चिकटवला होता: कोरड्या पडलेल्या पोहण्याच्या तलावाच्या तळाशी रुपेरी कोट घालून गाणारी उभी. फोटो देखणा होता, यात वादच नाही.

ती काचेच्या खोलीतून बाहेर आली. बुटांचा आवाज नको म्हणून अनवाणी होती.

"दादा, ते काढून टाक."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? चार वाजता कंपनीची माणसं येतायत. लोकांच्या तोंडी बसेल असं एक तरी ऐकवा, नाहीतर अल्बम काढत नाही, म्हणालेत. मिळालं ना आता? बाई, तुमची काही हरकत?"

बाईंनी मानेनेच नाही म्हटलं. त्यांची हरकत कधीच नसायची. त्यांनी भरलेल्या अशा जागा लोकांनी अंघोळ करताना, पोरांना झोपवताना वर्षानुवर्षं गुणगुणल्या होत्या. कव्हरवर नाव कधी आलं नव्हतं आणि त्यांनी कधी मागितलंही नव्हतं.

"ते मावशींचं आहे," ती बाईंकडे बघत म्हणाली.

"मग घालू की त्यांचं नाव! मोठ्या अक्षरात घालू."

"तरी नको. ऐकणारा तेवढंच घेऊन घरी जाईल. बाकीची पन्नास मिनिटं परत ते कधी येतंय याची वाट बघत बसेल."

"आणि तुझ्या पन्नास मिनिटांत घरी नेण्यासारखं आहे काय?"

बोलून गेल्यावर त्याने बहिणीकडे पाहिलं नाही. वादक आपापल्या तारांकडे बघू लागले.

"नाही," ती म्हणाली. "मला चाल सुचत नाही, दादा. तुला लहानपणापासून माहीत आहे. मला हे असलंच सुचतं. पडलं तर माझं पडू दे. दुसऱ्याच्या खांद्यावर बसून उंच दिसायचं नाही मला."

"पडेल," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"सकाळपासून ऐकतेय मी. थाट मोठा आहे. पण हाताला लागत नाही काही. लोक तोंडावर सांगतील तुला."

"सांगू देत, मावशी."

तिची मान ताठ होती. बाईंनी आजवर किती गाणाऱ्या पाहिल्या होत्या. सुचेनासं झालं की त्या हळूच व्हायोलिनकडे बघत. बाई जागा भरत आणि टाळ्या वाजल्या की गाणारी वाकून नमस्कार करी. काढून टाका, असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. मनाला लागलंही होतं ते जरा. अगदीच लागलं नाही असं कसं म्हणणार?

"पुसा ते," त्या भावाला म्हणाल्या.

"बाई, आता तुम्हीसुद्धा?"

"माझं आहे ना? ही म्हणाली आत्ता. मग माझं मी सांगते, पुसा."

भाऊ काहीतरी पुटपुटत आत गेला. खुर्च्या सरकल्या. रेकॉर्डिंगचा दिवा लाल झाला.

बाईंनी सूर लावला. चौथ्या मिनिटाला गाणारी थांबली तेव्हा बोटं तारेवर वळवळली. बाईंनी ती दाबून धरली. जागा रिकामीच राहिली. पुढे तशा अकरा जागा आल्या आणि अकराही रिकाम्या गेल्या. खांदा ठणकू लागला. मनगट जड झालं. नुसता सूर धरणं इतकं कठीण असतं हे बाईंना या वयात नव्यानेच कळत होतं.

दिवा विझला.

"झालं! छान झालं!" भाऊ स्पीकरवरून ओरडला. "उठा सगळे. कंपनीवाल्यांची गाडी फाटकात आलीय."

चेलोवाल्याने हुश्श केलं. बाईंनी व्हायोलिन हनुवटीखालून काढलं नाही.

"परत घ्या. नवव्या मिनिटाला माझा सूर हलला."

"बाई, कुणाच्या बापाला कळणार नाही ते!"

"हिला कळलं," बाई म्हणाल्या.

काचेपलीकडे ती तशीच उभी होती. तिने अजून हेडफोन काढले नव्हते.