पवळीमावशींची वेल

यकृताच्या कर्करोगाची गाठ पेशींवरच्या ज्या रिसेप्टरमुळे, म्हणजे संदेश घेणाऱ्या प्रथिनामुळे वाढते, त्याला चिकटून ते बंद पाडणारा वनस्पतीतला घटक शर्वाणी तीन वर्षं शोधत होती. कॉम्प्युटरवर शेकडो घटक त्या रिसेप्टरवर बसवून पाहिले; एकही टिकेना. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "या महिन्यात काही निघालं नाही, तर विषय बदलू."

आता जव्हारच्या पवळीमावशींनी दाखवलेली रानवेल तेवढी उरली होती. कावीळ झालेल्यांना मावशी तिचा काढा देत.

त्या वेलीच्या मुळातला एक घटक रिसेप्टरला इतका घट्ट बसला, की शर्वाणीने गणित तीनदा तपासलं. मग प्रयोगशाळेत तो कर्करोगाच्या पेशींवर घातला. तिसऱ्या दिवशी सरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि सगळ्या लॅबला हाका मारल्या, "अरे, या इकडे! वाढ थांबलीय!"

शर्वाणीने लगेच जव्हारला फोन लावला. "मावशी, तुमची वेल लागू पडली! शोधनिबंधात तुमचं नाव येणार."

"म्हंजे औषध झालं?"

"नाही हो. अजून पुष्कळ तपासण्या आहेत. दहा वर्षंसुद्धा लागतील."

"मंग लागू दे की!" मावशी खळखळून हसल्या. "मी आजच कुंपणाला आणखी वेल लावते. तुला कमी नको पडायला."