बिनधुराची गाडी

"शटर पूर्ण खाली ओढू नका," आई म्हणाली.

वायरमनने शटरवरचा हात काढला आणि मुलीकडे पाहिलं. गॅरेजच्या भिंतीवर नवा चार्जर बसवून झाला होता, त्याचा हिरवा दिवा लागला होता, जाडजूड वायर गाडीच्या कुशीत खोचलेली होती. सगळं नीट चालत होतं. फक्त शटर जमिनीपर्यंत येत नव्हतं. त्याच्याखाली आईने नेहमीसारखा लाकडाचा ठोकळा सरकवून ठेवला होता.

"काकू, या गाडीला धुराडंच नाही," वायरमन हसत म्हणाला. "धूर सोडायचं तिने मनावर घेतलं, तरी सोडणार कुठून? तुमचा मिक्सर हिच्यापेक्षा जास्त बोंबलत असेल."

आई हसली नाही. मुलीने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! हत्यारं पिशवीत भरून तो गेला.

मुलीचे वडील याच गॅरेजात वारले होते. थंडीची सकाळ होती. वारा आत येऊ नये म्हणून त्यांनी शटर खाली ओढलं, जुनी पेट्रोलची गाडी गरम व्हायला चालू ठेवली, आणि आत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. धूर आतच कोंडला. तेव्हापासून आईने त्या शटरला जमिनीला टेकू दिलं नव्हतं, की दारात पेट्रोलची गाडी उभी राहू दिली नव्हती. मुलीने विजेवरची गाडी घेतली ती मुद्दाम याचसाठी.

तिने वायर काढून भिंतीवर अडकवली.

"आई, मी आत बसते, गाडी चालू करते. तू शटर लाव."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"अगं, धूर नाही, आवाज नाही, काही नाही. एकदा डोळ्यांनी बघितलंस की मनातून जाईल तुझ्या."

"आवाजही नाही?"

"अजिबात नाही."

आईने गाडीकडे पाहिलं.

"त्या दिवशी आवाज येत होता गं," ती म्हणाली. "म्हणून तर मी निर्धास्त होते. म्हटलं, गाडी चालू आहे म्हणजे हे आहेत."

एवढं आई आजवर कधी बोलली नव्हती. मुलगी गाडीत जाऊन बसली. आईने वाकून ठोकळा काढला. शटर करकरत खाली आलं आणि टेकलं.

आत अंधार झाला. मुलीने बटण दाबलं. समोरचा स्क्रीन उजळला, पण कानाला काहीच लागलं नाही. तिने मुद्दाम खोल श्वास घेतला. नव्या सीटचा वास, बाकी काही नाही. आता आई शटर वाजवेल, हाका मारेल, म्हणून ती थांबली. आईने शटर वाजवलं नाही.

मग भिंतीपलीकडून भांड्याचा आवाज आला.

गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत होती. तरी गाडीत बसून पलीकडचं ऐकू येतं, हे तिला ठाऊक नव्हतं. जुन्या गाडीच्या घरघरीत कुणाला काय ऐकू येणार? आता सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. नळ सुटला, बंद झाला. गॅस पेटला. टेबलावर कप ठेवल्याची किणकिण झाली. आई आत गेली तरी कधी? ती गुणगुणत होती. आईला गुणगुणताना ऐकून मुलीला वर्षं लोटली होती.

पावलं भिंतीशी आली. आईचा आवाज अगदी साधा होता, रोजचा.

"अहो, या ना आता. चहा गार होतोय."

हाक मुलीला नव्हती.

तिने पुन्हा बटण दाबून गाडी बंद केली. काहीच बदललं नाही, शांतता होती तेवढीच राहिली. शटर वर लोटून, भर उन्हातून घराला वळसा घालून ती स्वयंपाकघरात आली.

आई टेबलाशी बसली होती. तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता, की मुलगी दारातच थबकली. टेबलावर चहाचे तीन कप होते.

"आई, गाडीत मी होते गं."

"मग? मला काय माहीत नाही?" आई म्हणाली. "हा घे तुझा कप." मग तिने आवाज खाली आणला. "इतकी वर्षं ती गाडी माझ्या कानात चालूच होती बघ. माणसं घरात असोत, टीव्ही लागलेला असो, मागे आपली घरघर चालूच. आज तू आत बसलीस, शटर लागलं, आणि एकदम बंद झाली." तिने मान वाकडी करून कानोसा घेतला. "गाडी बंद केलीय म्हणजे येतीलच आता."

मुलीने भिंतीकडे पाहिलं. तिने जवळची खुर्ची ओढली.

"तिथे नको बसूस," आई म्हणाली.