बाईंनी शिकवलेले दगड

बाई चाळिसाव्या पायरीवर थांबल्या. वर अजून निदान दोनशे तरी असतील. कठडा धरून त्यांनी गुडघा एकदा वाकवून पाहिला आणि मागे वळल्या.

"काय झालं, बाई?" त्यांची जुनी विद्यार्थिनी दोन पायऱ्या खाली उतरून आली. तीही आता शाळेत इतिहासच शिकवायची. सहल तिनेच ठरवली होती.

"काही नाही गं. तू हो पुढे. माझं बघून झालंय."

"तेही खरंच. तुमच्यामुळेच तर आम्हाला हे वरचे उभे दगड माहीत." ती हसली आणि बाकीच्या मंडळींना गाठायला वर गेली.

बाई आडवी पावलं टाकत, एकेक पायरी उतरत बसपाशी आल्या. ड्रायव्हर स्टिअरिंगवर पेपर पसरून शब्दकोडं सोडवत होता. त्याने हात देऊन त्यांना वर घेतलं, आपल्या मागच्या सीटवर बसवलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.

"तुम्ही नाही जात वर?" बाईंनी विचारलं.

"अकरा वर्षं झाली, आठवड्यातून दोनदा येतो. एकदाही गेलो नाही. दगडच की शेवटी." मग आपण जरा तोडून बोललो असं त्याला वाटलं. "तुम्ही मात्र पाहिलेत. त्या मॅडम येताना सगळ्यांना सांगत होत्या."

बाईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. पुन्हा उघडलं.

"नाही पाहिले. पुस्तकात या दगडांच्या रिंगणाचं काडेपेटीएवढं चित्र होतं, काळं-पांढरं. पहिल्याच वर्षी एका मुलीने विचारलं, बाई, तुम्ही गेलाय तिथे? मी हो म्हणून बसले. तोंडातून निघून गेलं. दुसरी म्हणाली, कसं वाटतं? म्हटलं, मधोमध उभं राहिलं की वारा थांबतो. एकतीस वर्षं दरवर्षी सांगितलं. मुली त्या तासाची वाट बघायच्या."

ड्रायव्हरने हातातलं पेन खिशाला लावलं.

"म्हटलं, एकदा जाऊन यावं. निदान गेले होते, हे तरी खरं होईल. तर हे गुडघे."

त्याने पेपरची घडी घातली, टोपी डोक्यावर चढवली. "मी बघून येतो. काय बघू?"

"वारा थांबतो का, तेवढं बघा. आणि असेल ते सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका."

त्याचा निळा शर्ट वळणाआड जाईपर्यंत बाई काचेतून बघत राहिल्या.

तो परत आला तेव्हा धापा टाकत होता. केस पिंजारलेले, डोक्यावर टोपी नव्हती.

"नाही थांबत, बाई. उलट दोन दगडांमधून असा घुसतो की टोपीच गेली माझी. कुंपणापलीकडे."

बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "मोठे आहेत?"

"एकाला टेकून उभा राहिलो. बसच्या टपाच्याही वर जाईल. पण उभे कसे केले असतील हो? क्रेन नाही, काही नाही."

"ते अजून कुणालाच कळलेलं नाही." तेवढं मात्र त्यांनी खरं शिकवलं होतं.

मंडळी उतरू लागली. विद्यार्थिनी सगळ्यांच्या आधी बसमध्ये शिरली. तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता.

"बाई, थांबला वारा! अगदी मधोमध डोळे मिटून उभी राहिले. तुम्ही सांगायचात तस्साच थांबला."

ड्रायव्हर उगाचच आरसा पुसू लागला.

बाईंनी तिचा हात धरला. "मी इथे कधी आलेच नव्हते गं. चित्रावरून ठोकून दिलं होतं. वारा थांबत नाही."

"पण मला तर…" मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी माझ्या वर्गाला दरवर्षी सांगते, बाई. तुमचं नाव घेऊन."

"आता हे सांग. तेही माझंच नाव घेऊन."

तिने हात सोडवून घेतला. बाईंच्या शेजारी ठेवलेली आपली पर्स उचलली आणि त्यांच्या मागच्या ओळीत जाऊन बसली. बाकीचे चढले. सगळे आले का, ते कुणीतरी मोजलं.

ड्रायव्हर आपल्या जागेवर बसला. त्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधे, वाळक्या शेवाळाचा पिवळट पट्टा उमटला होता.

"शर्टाला लागलंय तुमच्या," बाई म्हणाल्या. "दगडाचं."

तो झटकायला हात मागे नेऊ लागला.

"राहू द्या. थांबा जरा."

बाईंनी पुढे वाकून त्यावर बोट टेकवलं आणि बोटाचं टोक निरखत बसल्या.

"ते उन्हाकडच्या बाजूचं आहे," मागून विद्यार्थिनीचा आवाज आला. त्यातला राग अजून गेला नव्हता. "सावलीकडचं हिरवं असतं, बाई."