टाकीत ओतायचं औषध

कोपऱ्यावरच्या गॅरेजातला मेकॅनिक प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात तीच बाटली ठेवायचा. "बघून घ्या, हे टाकीत ओतलं की इंजिनाच्या पोटातली सगळी काजळी साफ!" एवढं बोलून तो बॉनेट उघडायला वळायचा. गिऱ्हाईक तिचे पैसे देऊन खूश होऊन गेलं की बाटली होती तशी, सीलसकट, परत फळीवर.

काल गडबडीत ती बाईंच्या गाडीतच राहिली. शाळेतल्या त्याच्या बाई. तो जुनाच गृहपाठ पुन्हा दाखवतो म्हणून वहीत तारीख घालून सही ठोकायच्या, त्याच.

आज सकाळी बाई बाटली घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"कुणाच्या तरी टाकीत ओतायची राहिली वाटतं रे," बाई म्हणाल्या. "माझी गाडी मात्र कालपासून कशी पळतेय म्हणून सांगू!"

"हो बाई, दुसऱ्याचीच आहे ती," तो खाली मान घालून पुटपुटला.

बाई गेल्या. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि धूळ पुसायला बाटली उलटी केली.



बुडाशी लाल पेनाने बाईंच्या तीन सह्या होत्या, गेल्या तीन वर्षांच्या तारखा घालून.