ताटलीखालचा बुलबुल

परसात टांगलेल्या दाण्यांच्या ताटलीवर कोण आलं, ते सगळ्यात आधी ओळखायची आई, बाबा आणि लेक या तिघांची रोज सकाळी चुरस लागायची. त्या दिवशी लेक "बुलबुल!" म्हणेपर्यंत वरून एका शिक्र्यानं झडप घातली, बुलबुलाला जमिनीवर दाबलं आणि जिवंतपणीच त्याची पिसं उपटायला सुरुवात केली.

"आई, सोडव ना गं त्याला!" लेक किंचाळली.

"अगं, नको मध्ये पडूस," बाबा म्हणत राहिले. पण आई अनवाणीच धावली आणि हाताला लागलेलं फावडं तिनं सगळा जीव एकवटून शिक्र्यावर घातलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. शिक्र्याचा लोळागोळा झाला. तोवर बुलबुलही गेला होता.

लेकीनं मुसमुसत बुलबुलाला पुरायला खड्डा खणला आणि त्याला ओंजळीत उचललं. तेवढ्यात वरच्या फांद्यांतून चिरका कलकलाट सुरू झाला. बाबांनी आवाज लगेच ओळखला.

"शिक्र्याची पिल्लं आहेत," ते हळूच म्हणाले. "तू मारलीस ती त्यांची आई."



आईनं लेकीच्या ओंजळीतून बुलबुल काढून घेतला, कात्रीनं त्याचे बारीक तुकडे केले आणि झाडाला शिडी लावली.