लाल दार

वालावलच्या घराची गेल्या वर्षी वाटणी झाली. मधोमध भिंत आली, दारं दोन झाली, गणपती तेवढा एक राहिला. त्या गणपतीला सुगंधाची धाकटी जाऊ शर्मिष्ठा मुंबईहून एकात एक अडकणाऱ्या ठोकळ्यांची भलीमोठी पेटी घेऊन आली, आणि तिच्या मुलाने, सर्वेशने, पडवीत हेच घर बांधायला घेतलं, मधल्या भिंतीसकट आणि दोन लाल दारांसकट.

आरतीला येणारा जो तो सर्वेशचं कौतुक करी. सुगंधाची लेक अनुजा मात्र त्याला नुसते ठोकळे वेचून देत बसलेली. ते बघून सुगंधाच्या पोटात असं दुखायला लागलं की केर काढता काढता तिने त्यातलं एक दार उचललं आणि हळूच कनवटीला खोचलं. बघू आता कसं पुरं होतंय घर.

दुसऱ्या दिवशी घर पुरं झालेलं दिसलं. दार मात्र एकच.

"दुसरा दार खंय रे, बाबू?" तिने साळसूदपणे विचारलं.

 

"तुमच्या बाजूचं हरवलं, काकी. मग मी मधली भिंतच काढून टाकली. नाहीतर तू आत कशी येणार?"