ग्रेडरचा ड्रायव्हर

डोंगरकड्याजवळच्या तांड्याचा पहिला रस्ता ज्या मोटर ग्रेडरने, म्हणजे पात्याने जमीन सपाट करणाऱ्या यंत्राने केला, तो भंगारात निघाला तेव्हा संगिताने हट्टाने मागून आणला. तिचा आजा रामसिंग तो चालवायचा. ती आयटीआयत डिझेल मेकॅनिक शिकवायची, पण या इंजिनाचे सुटे भाग काही केल्या जुळेनात. शेवटी तिने रंगाचे थर खरवडून नंबर वाचला, जुनी मॅन्युअल धुंडाळली, तेव्हा उलगडा झाला. मूळ इंजिन केव्हाच बदललं होतं, आत होतं ते एका जुन्या ट्रकचं. मग नांदेडच्या भंगारबाजारात हवं ते सगळं सापडलं.

आज सारा तांडा जमला होता. संगिताने स्टार्टर दाबला. इंजिन खोकलं, काळा धूर ओकला आणि धडधडायला लागलं. लोकांनी एकच गलका केला.

"चढा आबा," संगिता आज्याला हात देत म्हणाली, "रस्ता कसा केला तुमी, दाखवा सगळ्यांला."

रामसिंग जागचा हलला नाही. "मला काहून चढवून राहिली? तुज्या आजीला बसव."

"आजीला?"

"काम सुरू झालं आन् माजा हात मोडला. शेजारी बसून शिकली व्हती ती. पुरा रस्ता तिनंच केला. सायबाची जीप दिसली की मी तिला खाली उतरवायचो आन् तिच्या जागी बसायचो, एवढंच माजं काम."

आजीने, जिवनबाईने, पदर कमरेला खोचला. कुणाचाही हात न धरता ती वर चढली आणि तिने पातं जमिनीला टेकवलं.

"आता नाही उतरायची," ती म्हणाली.